क्रीडास्पर्धा आणि राजनैतिक बहिष्कार

राजनैतिक बहिष्कारात खेळाडू स्पर्धेला जातात आणि सरकार जात नाही. यजमान देशाच्या एखाद्या कृत्याचा निषेध म्हणून राष्ट्रप्रमुख, मंत्री किंवा राजदूत उद्घाटनाला आणि समारोपाला गैरहजर राहतात. संघ मात्र राष्ट्रध्वज घेऊन संचलनात उतरतो, खेळतो आणि मिळाली तर पदके घेऊन परततो. ऑलिंपिक किंवा विश्वचषक भरवणाऱ्या देशाला मैदानावरच्या विक्रमांइतकेच मोल मानाच्या कक्षात बसलेल्या पाहुण्यांचे असते. जगाने आपल्याला मान दिला, हे त्या रांगेकडे बोट दाखवून सांगता येते. बहिष्कार घालणारा देश नेमका तेवढा मान नाकारतो.

भारतातले याचे ठळक उदाहरण २०२३ चे आहे. त्या वर्षी जुलैत चीनमधील चेंगदू येथे जागतिक विद्यापीठ क्रीडास्पर्धा होत्या. अरुणाचल प्रदेशच्या तीन वुशू खेळाडूंना चीनने पारपत्रावर शिक्का न मारता वेगळ्या कागदावर टाचून व्हिसा दिला. अरुणाचल भारताचा भाग नाही, हा चीनचा दावा या कृतीतून सुचवला जात होता. भारताने उत्तर म्हणून वुशूचा संपूर्ण संघच मागे घेतला. सप्टेंबरात हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धांच्या वेळी याच तिघींना पुन्हा प्रवेश मिळाला नाही. या वेळी भारताने संघ पाठवला आणि क्रीडामंत्री अनुराग ठाकूर यांनी आपला चीन दौरा रद्द केला. वुशूत रौप्यपदक मिळवणाऱ्या मणिपूरच्या रोशिबिना देवीने ते पदक प्रवेश नाकारल्या गेलेल्या आपल्या सहकारी मैत्रिणीला अर्पण केले. त्याच स्पर्धेत कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात सांघिक सुवर्णपदक जिंकले. पुढच्या वर्षी पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच प्रकारात त्याने वैयक्तिक कांस्यपदक मिळवले.

जुलै आणि सप्टेंबरातल्या या दोन निर्णयांत जो फरक आहे, तोच या विषयाचा गाभा आहे. अन्याय एकच होता. पहिल्या वेळी निषेधाची किंमत खेळाडूंनी दिली, दुसऱ्या वेळी मंत्र्यांनी. ज्या तिघींवर अन्याय झाला त्यांना मात्र दोन्ही वेळा खेळता आले नाही, हेही नोंदवायला हवे.

खेळातल्या निषेधाचे इतरही प्रकार आहेत आणि बातम्यांमध्ये ते अनेकदा एकमेकांत मिसळले जातात. संपूर्ण बहिष्कारात देश आपला संघच पाठवत नाही. हकालपट्टी आंतरराष्ट्रीय क्रीडा संघटना करते. दोषी देशालाच स्पर्धेतून बाहेर काढले जाते. व्हिसा नाकारणे हे यजमानाच्या हातचे शस्त्र आहे. आणि एखादा खेळाडू स्वतःच्या विवेकाने खेळायचे नाकारतो, तो वैयक्तिक नकार. राजनैतिक बहिष्कार या सर्वांत वयाने लहान आहे. आधीच्या प्रकारांचे अनुभव घेतल्यानंतरच तो रूढ झाला, म्हणून त्या अनुभवांचा इतिहास पाहावा लागतो.

निषेधाची किंमत कोण देतो, हा हिशेब कोल्हापूरसारख्या शहरात कागदी राहत नाही. राजाराम महाविद्यालयात शिकलेले खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने. १९५२ च्या हेलसिंकीसाठी पैसे कमी पडले तेव्हा त्यांचे माजी प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, आणि खाशाबांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणले. कोल्हापूरचा जलतरणपटू वीरधवल खाडे २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उतरला तेव्हा सोळा वर्षांचा होता. त्या स्पर्धेवर तिबेटच्या प्रश्नावरून बहिष्कार घालावा, अशी मागणी जगभर होत होती. ती मान्य झाली असती, तर वीरधवल ऑलिंपिकमध्ये कधीच पोहला नसता, कारण त्यानंतरची एकही ऑलिंपिक स्पर्धा त्याच्या वाट्याला आली नाही. खेळाडूचे उमेदीचे वय चार-आठ वर्षांचे असते. सरकारला पुढची संधी मिळते, खेळाडूला ती मिळेलच असे नाही.

महाराष्ट्रात खेळातला बहिष्कार आंतरराष्ट्रीय राजकारणातून आलेला नाही, तो जातीच्या प्रश्नातून आला. मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालवणचे पालवणकर कुटुंब चर्मकार समाजातले. थोरले बाळू हे त्यांच्या काळातले भारतातले सर्वोत्तम डावखुरे फिरकी गोलंदाज होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. पुण्यात हिंदू संघाचे विजय त्यांच्या गोलंदाजीवर उभे होते, पण मध्यंतरातला चहा त्यांना मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला जाई. मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना वर्षानुवर्षे नाकारले गेले. १९२० मध्ये कर्णधार पै आजारी पडले, बाळूंना संघातून वगळले गेले आणि कर्णधारपद बाळूंचे भाऊ विठ्ठल यांना डावलून दि. ब. देवधरांकडे गेले. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी खेळण्यास नकार दिला आणि त्याची कारणे जाहीरपणे मांडली. लोकमत त्यांच्या बाजूने वळले. अंतिम सामन्यासाठी भाऊ परत आले, बाळूंना उपकर्णधार केले गेले, आणि १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले.

या नकारात पुढच्या शंभर वर्षांच्या बहिष्कारांना उपयोगी पडणारे जवळजवळ सगळे आहे. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनीच तो पुकारला. मागणी एका वाक्यात सांगता येण्याजोगी होती. आणि ती मान्य होताच मैदानावर परतण्याची वाटही मोकळी होती.

त्यानंतर स्वातंत्र्य चळवळीने क्रिकेटला स्पर्श केला. सविनय कायदेभंगाच्या काळात चौरंगी स्पर्धा काही वर्षे झालीच नाही. १९३२ मध्ये भारताचा संघ पहिल्या कसोटीसाठी इंग्लंडला निघाला, तेव्हा राष्ट्रीय नेते तुरुंगात असताना हा दौरा करायचा नाही, असे ठरवून मुंबईचे विजय मर्चंट, एल. पी. जय आणि चंपक मेहता मागे राहिले. इतिहासातली पहिली भारतीय कसोटी या तिघांविना खेळली गेली. पुढे डिसेंबर १९४० मध्ये हिंदू जिमखान्याचे शिष्टमंडळ वर्ध्याला गांधीजींना भेटले आणि चौरंगीतूनच वाढलेल्या, धर्मवार संघ पाडणाऱ्या पंचरंगी स्पर्धेला गांधीजींनी विरोध केला. ती स्पर्धा १९४६ नंतर कायमची थांबली.

जगात त्याच सुमारास पहिला मोठा वाद १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकवरून झाला. ज्यूंवरील अत्याचारांमुळे अमेरिकेने जाऊ नये, यासाठी तिथे जोरदार चळवळ झाली आणि थोडक्यात हरली. भारताचा हॉकी संघ गेला, सुवर्णपदक घेऊन आला. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथकही त्या वेळी बर्लिनला गेले होते आणि त्याने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. नाझी राजवटीला हवा होता तो प्रतिष्ठेचा देखावा सहभागी देशांनी मिळून पुरवला, असे त्या स्पर्धेबद्दल आज म्हणावे लागते.

खऱ्या अर्थाने जगाला बहिष्कार शिकवला तो दक्षिण आफ्रिकेने. तिथल्या वर्णद्वेषी राजवटीत गोऱ्या आणि बिगरगोऱ्या खेळाडूंना एका संघात खेळता येत नसे, एकमेकांविरुद्ध खेळणेही जवळजवळ अशक्य होते. दरबानचा भारतीय वंशाचा गोल्फपटू पापवा सेवगोलम याने कॅडी म्हणून काम करत खेळ शिकला, हॉलंडची खुली स्पर्धा जिंकली आणि १९६३ मध्ये नाताळ प्रांताची खुली स्पर्धाही जिंकली. क्लबची इमारत गोऱ्यांसाठी राखीव असल्यामुळे विजेत्याने आपले पारितोषिक बाहेर, पावसात उभे राहून स्वीकारले. ते छायाचित्र जगभर गेले. दोन वर्षांनी त्याने गॅरी प्लेअरसारख्या खेळाडूला मागे टाकले, आणि त्यानंतर सरकारने त्याला गोऱ्यांच्या स्पर्धांतून बाहेरच काढले. पुण्यातली बाळूंची मातीची वाटी आणि दरबानमधला हा पाऊस यांत फार अंतर नाही. वर्णद्वेषाविरुद्ध बोलण्याचा भारताचा अधिकार जितका मोठा होता, तितकीच घरातली जबाबदारीही.

भारताने १९४६ मध्येच दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला आणि तिथल्या भारतीयांच्या वागणुकीचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांपुढे नेला. खेळातली पहिली मोठी कारवाई टेबल टेनिसने केली: १९५६ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने गोऱ्यांची संस्था वगळून वर्णभेद न मानणाऱ्या संस्थेला मान्यता दिली. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकचे दक्षिण आफ्रिकेचे निमंत्रण मागे घेण्यात आले आणि १९७० मध्ये ऑलिंपिक समितीने तिची हकालपट्टी केली. १९६८ मध्ये दक्षिण आफ्रिका दौऱ्यासाठी इंग्लंडच्या संघात केप टाऊनमध्ये जन्मलेले मिश्रवंशीय बेसिल डॉलिव्हेरा निवडले गेले, म्हणून दक्षिण आफ्रिकेने तो दौराच नाकारला. आपण खेळात राजकारण आणत नाही, असे म्हणण्याची सोय त्या राजवटीला त्यानंतर उरली नाही.

याच दशकात कोल्हापूरच्या मल्लांनी अशा वादाची धग जवळून अनुभवली. ऑगस्ट-सप्टेंबर १९६२ मध्ये जकार्ता येथे आशियाई स्पर्धा भरल्या. इंडोनेशियाने इस्रायल आणि तैवानच्या संघांना प्रवेश दिला नाही. आशियाई स्पर्धांच्या संस्थापकांपैकी एक आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे भारतीय सदस्य गुरुदत्त सोंधी यांनी याला उघड विरोध केला: सदस्य देशांना वगळून भरवलेल्या स्पर्धेला आशियाई स्पर्धा हे नाव लावता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. जकार्तात संताप उसळला. ३ सप्टेंबरला जमावाने भारतीय दूतावासावर हल्ला केला आणि सोंधींना घाईने देश सोडावा लागला. दुसऱ्या दिवशी फुटबॉलच्या अंतिम सामन्यात स्टेडियमभर हुर्यो चालू असताना भारताने दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून सुवर्णपदक घेतले. कुस्तीत कोल्हापूरच्या मोतीबाग तालमीशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले त्या गणपतराव आंदळकरांनी ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्य मिळवले. सांगलीजवळच्या कवठेपिरानचे मारुती माने यांनी फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण आणि ग्रीको-रोमनमध्ये रौप्य. मातीत वाढलेल्या दोन मल्लांनी मॅटवर दोन-दोन पदके मिळवली, याचा अभिमान कोल्हापूर आणि सांगलीत आजही सांगितला जातो. त्या पदकांभोवतीचे हे वादळ मात्र क्वचितच सांगितले जाते.

ऑलिंपिक समितीने १९६३ मध्ये इंडोनेशियाला निलंबित केले. सोंधींची भूमिका त्या वेळी भारतातही सर्वांना पटली नाही, कारण भारत सरकारला इंडोनेशियाशी मैत्री टिकवायची होती. पण यजमानपद म्हणजे पाहुण्यांची निवड करण्याचा परवाना नव्हे, हे तत्त्व त्यांनी योग्य ठिकाणी आणि वैयक्तिक धोका पत्करून मांडले.

भारताने दिलेली सर्वांत मोठी किंमत टेनिसमधली आहे. १९७४ मध्ये डेव्हिस चषकात विजय आणि आनंद अमृतराज, जसजित सिंग आणि शशी मेनन यांचा संघ विलक्षण भरात होता. कलकत्त्याला त्यांनी ऑस्ट्रेलियाला ३-२ ने हरवले; त्या लढतीत एकूण ३२७ गेम खेळले गेले. सप्टेंबरात उपांत्य लढत पुण्यात झाली आणि हिरवळीवर भारताने सोव्हिएत संघाला ३-१ ने नमवले. दुसरीकडून दक्षिण आफ्रिका अंतिम फेरीत आली होती. भारताने खेळायचे नाही असे ठरवले आणि चषक न खेळताच दक्षिण आफ्रिकेला दिला गेला. डेव्हिस चषकाच्या इतिहासात अंतिम लढत न होता विजेता ठरण्याची ती एकमेव वेळ. भारत त्याआधी १९६६ मध्ये आणि नंतर १९८७ मध्ये अंतिम फेरीत पोहोचला आणि दोन्हीदा हरला. चषक आजवर भारताकडे आलेला नाही. पुण्यात ती उपांत्य लढत पाहिलेल्यांना भारताचे नाव विजेत्यांच्या यादीत दिसत नाही याची खंत वाटणे साहजिक आहे, आणि तरीही तो निर्णय योग्य होता. सेवगोलमला पावसात उभे करणाऱ्या राजवटीच्या संघाशी सन्मानाची लढत होऊच शकली नसती.

दक्षिण आफ्रिकेतल्या बिगरगोऱ्या खेळाडूंच्या संघटनाच बहिष्काराची मागणी करत होत्या, ही त्याची खरी ताकद. हसन होवा यांच्यासारखे नेते सांगत होते की समाजच जिथे सरळ नाही तिथे खेळ सरळ असू शकत नाही, म्हणून आमच्या देशाशी खेळू नका. बाहेरच्या जगाने दाखवलेली ती दया नव्हती. पीडितांनी मागितलेली ती मदत होती.

१९७७ मध्ये राष्ट्रकुल देशांनी ग्लेनइगल्स येथे दक्षिण आफ्रिकेशी क्रीडासंबंध न ठेवण्याचा करार केला. तरीही ब्रिटनच्या थॅचर सरकारने आर्थिक निर्बंधांना विरोध चालू ठेवला, म्हणून १९८६ च्या एडिनबरो राष्ट्रकुल स्पर्धांवर ५९ पैकी ३२ देशांनी बहिष्कार घातला. त्यांत भारतही होता. याचा फटका कोणाला बसला, हे कुस्तीच्या आखाड्यातून पाहिले की स्पष्ट होते. १९८२ च्या ब्रिस्बेन स्पर्धेत भारताच्या पदकांचा मोठा वाटा मल्लांचा होता. एडिनबरोत कुस्ती होती, पण भारत नव्हता. १९९० च्या ऑकलंड स्पर्धेत भारत होता, पण कुस्तीच नव्हती. राष्ट्रकुल स्पर्धांत भारतीय मल्ल पुन्हा उतरले ते थेट १९९४ मध्ये, व्हिक्टोरियाला. बारा वर्षांत मल्लांची एक संपूर्ण पिढी तालमीत येते, उमेदीत येते आणि उतरणीला लागते. त्या पिढीची नावे राष्ट्रकुलच्या पदकांच्या यादीत नाहीत, आणि त्यांच्या या त्यागाची नोंद कोणत्याही सरकारने ठेवलेली नाही. ती ठेवायला हवी होती.

एडिनबरोनंतर दोन वर्षांनी भारताने दुसरा मार्ग वापरला. १९८८ मध्ये इंग्लंडच्या भारत दौऱ्यासाठी ग्रॅहम गूच कर्णधार म्हणून निवडले गेले. गूच आणि आणखी सात खेळाडूंचे दक्षिण आफ्रिकेशी क्रीडासंबंध होते. अशा खेळाडूंची नावे संयुक्त राष्ट्रांच्या यादीत प्रसिद्ध होत असत. भारताने व्हिसा नाकारला, दौरा रद्द झाला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने दक्षिण आफ्रिकेत जाणाऱ्या खेळाडूंवर बंदीचा नियम केला.

बहिष्काराला शेवट असावा लागतो, आणि दक्षिण आफ्रिकेच्या बाबतीत तो होता. १९९० मध्ये मंडेला सुटले, १९९१ मध्ये वर्णद्वेषी कायदे रद्द होऊ लागले आणि आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या संमतीने दक्षिण आफ्रिकेला क्रिकेट परिषदेत परत घेण्यात आले. त्यासाठी पुढाकार घेणाऱ्या भारतीय क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष तेव्हा माधवराव शिंदे होते. १० नोव्हेंबर १९९१ रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर दक्षिण आफ्रिकेचा पुनरागमनाचा पहिला सामना झाला. ज्या देशाने चाळीस वर्षे तिच्याशी खेळायचे टाळले, त्यानेच तिला मैदानावर परत आणले. पुढच्या वर्षी भारताचा संघ दक्षिण आफ्रिकेला गेला. पहिली कसोटी दरबानला होती, सेवगोलमच्या गावी, आणि मुंबईच्या प्रवीण आमरे यांनी पदार्पणातच तिथे १०३ धावा केल्या.

याच काळात महासत्तांचे बहिष्कारही झाले. अफगाणिस्तानातल्या सोव्हिएत सैन्यामुळे अमेरिकेने १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार घातला आणि साठाहून अधिक देश गेले नाहीत. चार वर्षांनी सोव्हिएत गटाने लॉस एंजलिसकडे पाठ फिरवली. सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानातून बाहेर पडायला १९८९ उजाडले. शेकडो खेळाडूंची कारकीर्द बुडाली आणि एकाही अफगाण माणसाचे आयुष्य सुधारले नाही. भारत दोन्हीकडे गेला आणि मॉस्कोत हॉकीचे सुवर्णपदक घेऊन आला. या दोन स्पर्धांनंतर कोणत्याही लोकशाही सरकारला ऑलिंपिकला निघालेल्या खेळाडूंना घरी बसवणे अवघड झाले. राजनैतिक बहिष्काराचा उगम तिथे आहे.

शासकाची सार्वजनिक हजेरी ही स्वतःच एक भाषा असते, हे कोल्हापूरला निराळे सांगायला नको. राजर्षी शाहू महाराज अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळे यांच्या चहाच्या दुकानात जाऊन सर्वांदेखत चहा घेत, तेव्हा दरबारी हुकुमाने जे लवकर झाले नसते ते त्या एका कृतीने सांगितले जाई: समाज जिथे जात नाही तिथे राजा गेला. राजनैतिक बहिष्कार हीच भाषा उलट्या बाजूने वापरतो. सगळे जिथे जातात, तिथे शासक जात नाही.

या भाषेचा वापर गेल्या पंधरा-वीस वर्षांत वाढला. २००८ मध्ये बीजिंगच्या उद्घाटनाला जर्मनीच्या चान्सलर मर्केल गेल्या नाहीत. भारताचे फुटबॉल कर्णधार बायचुंग भुतिया यांनी तिबेटींच्या पाठिंब्यासाठी दिल्लीत ऑलिंपिक ज्योत हाती घेण्यास नकार दिला. हा वैयक्तिक नकार होता आणि भारतात त्या वेळी सरकारपेक्षा खेळाडूच स्पष्ट बोलला. २०१४ च्या रशियातील सोची हिवाळी ऑलिंपिकला समलिंगींविरोधी कायद्यावरून वाद चालू असताना ओबामा, कॅमेरॉन आणि ओलांद गैरहजर राहिले. अमेरिकेने पाठवलेल्या शिष्टमंडळात बिली जीन किंग यांच्यासारख्या समलिंगी खेळाडूंचा मुद्दाम समावेश होता.

सर्वांत मोठा राजनैतिक बहिष्कार २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकवर झाला. शिनजियांगमधील उइगर मुस्लिमांवरील अत्याचारांमुळे अमेरिकेने ६ डिसेंबर २०२१ रोजी तो जाहीर केला. ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया मागोमाग आले. भारताने त्याच्या काही दिवस आधी रशिया आणि चीनबरोबरच्या संयुक्त निवेदनात या स्पर्धेला पाठिंबा दिला होता. फेब्रुवारीच्या सुरुवातीला चीनने ज्योत वाहण्यासाठी गलवानच्या चकमकीत जखमी झालेल्या ची फाबाओ या सेनाधिकाऱ्याला पुढे केले. जून २०२० च्या त्या चकमकीत वीस भारतीय जवान धारातीर्थी पडले होते. ३ फेब्रुवारीला परराष्ट्र मंत्रालयाचे प्रवक्ते अरिंदम बागची यांनी जाहीर केले की बीजिंगमधील भारतीय दूतावासाचे प्रभारी अधिकारी उद्घाटन आणि समारोपाला जाणार नाहीत. दूरदर्शननेही दोन्ही सोहळ्यांचे थेट प्रक्षेपण केले नाही. भारताचा एकमेव खेळाडू, काश्मीरचा स्कीपटू आरिफ खान, मात्र ध्वज घेऊन संचलनात उतरला आणि स्पर्धेत खेळला.

हा निषेध रास्त होता, पण मानवी हक्कांसाठीचा बहिष्कार म्हणून तो मोजता येत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत शिनजियांगवर चर्चा घ्यावी असा ठराव आला, तेव्हा भारत तटस्थ राहिला आणि ठराव १७ विरुद्ध १९ मतांनी पडला. पाश्चात्त्य देशांचा बहिष्कारही तितकाच अपुरा होता: चीनने कोणती गोष्ट केली की तो मागे घेतला जाईल, हे कोणी सांगितले नाही, स्पर्धा सतरा दिवसांत संपली आणि रिकाम्या खुर्च्यांचा विषयही संपला. वर्णद्वेषाविरुद्धचा बहिष्कार तीस वर्षे चालला, अनेक खेळांत एकाच वेळी चालला आणि त्याच्या जोडीला व्यापारबंदी होती. राजनैतिक बहिष्कार खेळाडूला वाचवतो हा त्याचा मोठा गुण. त्याच कारणाने तो सरकारांना स्वस्त पडतो, आणि स्वस्त निषेधामागे काही केले नाही तर पीडितांच्या हाती काही लागत नाही.

कतारमधील २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकाने आणखी एक बाजू दाखवली. फुटबॉलवेड्या कोल्हापुरात ज्या स्टेडियममधले सामने रात्र जागवून पाहिले गेले, ती बांधणाऱ्या मजुरांत भारतीय, नेपाळी आणि बांगलादेशी मोठ्या संख्येने होते. पॅरिससह फ्रान्सच्या काही शहरांनी मोठ्या पडद्यावर सामने दाखवायला नकार दिला. भारताचे उपराष्ट्रपती जगदीप धनखड उद्घाटनाला उपस्थित होते. मजुरांच्या स्थितीत जो काही फरक पडला, त्यामागे मुख्यतः आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेकडे झालेली तक्रार आणि कामगार संघटनांचा अनेक वर्षांचा दबाव होता. त्यातून मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलण्याची मुभा आणि किमान वेतनाचा कायदा आला. दूरवरच्या सरकारांनी खुर्ची रिकामी ठेवण्यापेक्षा ज्या देशांचे मजूर तिथे राबत होते, त्यांनी टेबलावर बसून अधिक मागायला हवे होते, आणि त्यात भारत पहिला असायला हवा होता.

यजमान म्हणून भारतालाही याच प्रश्नांना सामोरे जावे लागले आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये, पुलवामाच्या हल्ल्यानंतर, दिल्लीतल्या नेमबाजी विश्वचषकासाठी पाकिस्तानच्या नेमबाजांना व्हिसा मिळाला नाही. देश शोकात होता आणि रागही समजण्यासारखा होता. ऑलिंपिक समितीने मात्र जकार्ताच्या वेळचाच नियम लावला: २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल प्रकारातले दोन ऑलिंपिक कोटे रद्द केले आणि भारताशी भावी स्पर्धांच्या यजमानपदाविषयीची चर्चा थांबवली. राही सरनोबत, तेजस्विनी सावंत यांच्यासारख्या कोल्हापूरच्या नेमबाज त्या काळात टोकियो ऑलिंपिकचे कोटे मिळवण्यासाठी झटत होत्या. देशात होणारी स्पर्धा हातची जाणे म्हणजे काय, हे अशा खेळाडूंनाच नीट कळते. जूनमध्ये भारत सरकारने कोणत्याही देशाच्या खेळाडूला अडवले जाणार नाही, अशी लेखी हमी दिल्यावर ती बंदी उठली.

ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटनेने २०३६ च्या ऑलिंपिकचे यजमानपद मिळवण्याचा इरादा लेखी कळवला. ऑलिंपिक समितीने २०१७ मध्ये यजमान शहराशी होणाऱ्या करारात मानवी हक्कांचे कलम घातले आहे आणि २०२४ च्या खेळांपासूनच्या करारांना ते लागू आहे. भेदभाव होऊ नये, बांधकामावरच्या मजुरांचे आणि विस्थापितांचे हक्क सांभाळले जावेत, या अटी त्यात येतात. भारताला यजमानपद मिळाले, तर स्टेडियमसाठी कोणाची घरे हटली, गवंडी आणि सुतारांना काय मजुरी मिळाली, कोणाला व्हिसा मिळाला आणि कोणाला नाही, याची विचारणा जगभरातून होईल, आणि मानाच्या कक्षातल्या आपल्या खुर्चीचा निर्णय इतर देशांची सरकारे त्या उत्तरांवर घेतील.